शेवटचा आकडा

"एकशे बारा चिठ्ठ्या! बाबा, माणूस स्वतःला इतक्या प्रकारांनी आवरतो?"

"इंग्रज आवरतो. तू तुझं स्पॅनिश बघ," बाबा चष्मा पुसत म्हणाले.

आमच्या कोशाचं काम असंच चालतं. बाबा चिठ्ठीवर इंग्रजी क्रियापद लिहितात, खाली एक वाक्य, कोपऱ्यात तारीख. मी त्याचं स्पॅनिश करून टाइप करते. जेवणाच्या टेबलावर दोघं समोरासमोर. 'आवरणे, रोखणे, दडवणे' हे प्रकरण सोमवारी प्रकाशकाकडे जायचं होतं. बाबांचा एकच हट्ट, वाक्य घडलेलं हवं, रचलेलं नको. त्यामुळे आमचं सगळं घर त्या खोक्यात आहे. जांभई दाबणारे काका आहेत. जीभ आवरणारी आई आहे, आणि शेजारी बाबांच्या अक्षरात, 'जमलं नाही.'

आई जाऊन सहा वर्षं झाली. माझं लग्न मोडलं तेव्हा ती नाही नाही ते बोलली, मीही बॅग उचलली. पाच महिने अबोला. आधी तिने फोन करावा, मी का करू, हा माझा ताठा. मग एकदम ती गेल्याचाच फोन आला. अचानक झालं, असं बाबा म्हणाले होते.

पुढची चिठ्ठी उचलली. 'होल्ड बॅक.' खाली वाक्य होतं: तिने आजही मुलीचा नंबर लावला आणि शेवटचा आकडा दाबला नाही.

त्याखालची 'विथहोल्ड'ची. डॉक्टरांनी दोन महिने सांगितले आहेत, हे त्याने मुलीपासून दडवलं.

"बाबा, हे काय आहे?"

त्यांनी चिठ्ठ्या घेतल्या आणि त्यांचा चेहरा उतरला. "या वेगळ्या ठेवल्या होत्या गं. खोक्यात कशा आल्या?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"तिलाही."

"आणि मला कोणी सांगायचं? शेजाऱ्यांनी?"

"तिने शपथ घातली होती. म्हणाली, आजार ऐकून धावत येणारी लेक मला नको. तिला वाटेल तेव्हा आपणहून येईल."

"आणि तुम्ही ऐकलंत! तासाभराच्या वाटेवर होते मी, बाबा!"

"रोज संध्याकाळी तुझ्याकडे यायला चपला घालायचो. ती आतून विचारायची, कुठे निघालात? की काढून ठेवायचो."

मला ओरडायचं होतं, पण आवरलं. अचानक गेली, कोणाच्या हातात काही नव्हतं, एवढ्या एका वाक्यावर मी सहा वर्षं काढली होती. आता तेही राहिलं नाही.

"फाडून टाक," बाबा म्हणाले. "दुसरं वाक्य देतो."

"रचलेलं?"

मी पहिली चिठ्ठी ओढून घेतली आणि टाइप करू लागले. स्पॅनिशमध्ये सगळे शब्द होते, कुठे अडलं नाही. दोन मिनिटांत झालं.

कोपऱ्यातल्या तारखेकडे मी एरवी बघतही नाही. आज बघितली. माझ्या वाढदिवसाची होती. त्या दिवशी रजा घेऊन मी सकाळपासून फोनजवळ बसले होते.