सेफेरिनाचा सरकारी फोटो

माझी बायको सेफेरिना फोटोला घाबरायची. कॅमेरा दिसला की हात तोंडावर. लग्नाच्या फोटोत तिच्या तोंडापुढे पंखा आहे, मुलीच्या बाप्तिस्म्याच्या फोटोत मुलगीच पुढे धरलेली. आयुष्यात एकदाच ती सरळ समोर बघून बसली, ओळखपत्र काढताना. हवालदार म्हणाला, "बाई, हात खाली. नाहीतर उद्या परत या." त्या कचेरीत परत जाणं तिला फोटोपेक्षा नकोसं होतं.

ती गेली आणि मृत्यूची नोंद करताना ते ओळखपत्र सरकारनं ठेवून घेतलं. आमच्याकडे थडग्यावर चिनी मातीची चकती बसवतात, तिच्यावर माणसाचा फोटो असतो. नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी सगळं गाव कबरस्तानात येतं. शेजारच्या थडग्यावर खाटीक मिशीला पीळ देऊन बघतोय आणि सेफेरिनाच्या थडग्यावर नुसतं नाव. नाव तर कुणाचंही असतं. मला तिचा चेहरा हवा होता. घरात आता तो मला नीट आठवेनासा झाला होता, आणि हे मी मुलीलाही सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात सरकारी दफ्तरखाना लोकांसाठी खुला झाला. राजधानी असुन्सिओनहून मंत्री आला, फीत कापली, सगळ्यांना चिपा, म्हणजे चीजचे छोटे पाव, वाटले. पाटी लागली: 'लोकांची स्मृती, लोकांसाठी'. ओळखपत्रांचे जुने अर्ज तिथेच होते, आणि प्रत्येक अर्जावर तोच फोटो चिकटवलेला असतो. मी दुसऱ्या दिवशी सकाळीच गेलो.

टेबलामागे निल्दा होती, आमच्याच गल्लीतली. "बसा, काराई ओवेलार. तेरेरे घ्या." काराई म्हणजे साहेब. तिनं पाल्याच्या थंडगार काढ्याचा पेला पुढे केला. आमच्याकडे नाही म्हणायच्या आधी प्यायला देतात.

मी काम सांगितलं.

"अर्ज सेफेरिनाबाईंनीच करायला हवा," ती म्हणाली. "खाजगी माहिती आहे ना."

"निल्दा, तू तिच्या मातीला आली होतीस."

"आले होते. रडलेही होते. पण ते ऑफिसबाहेर."

"मग मेलेल्याचं काय करतात?"

"मेलेल्याचं ऐतिहासिक होतं. ते सगळ्यांना खुलं. फक्त पन्नास वर्षं थांबायचं."

"तोवर मी कुठं असेन?"

"तोवर तुम्हीपण ऐतिहासिक व्हाल की." पेला परत घेत ती हळूच म्हणाली, "संशोधकांना मात्र आत सोडतात. पत्र आणा कुठल्यातरी संस्थेचं. शिक्का पाहिजे, बाकी काय लिहिलंय ते कुणी बघत नाही."

मी फुटबॉल क्लबच्या मैदानावर पांढऱ्या रेघा मारतो. क्लबच्या सेक्रेटरीनं टंकलेखन यंत्र पुढे ओढलं. "विषय काय टाकू?"

"सेफेरिना."

"एवढाच? जरा भारदस्त कर." मग त्यानंच लिहिलं की क्लबचे सदस्य काराई ओवेलार हे नदीकाठच्या स्त्रियांच्या केशरचनेचा अभ्यास करत आहेत. खाली क्लबचा शिक्का, त्यात चेंडू आणि सिंह.

निल्दानं सिंह बघितला आणि मला आत सोडलं. मी अंगठ्यानं पान उलटणारा माणूस. मला पांढरे हातमोजे दिले, तोंडाला पट्टी बांधली. संचालक डॉक्टर बोगारीन स्वतः आले. ते वकील आहेत, आमच्याकडे वकिलाला डॉक्टर म्हणतात. "केशरचना," ते म्हणाले, "फार दुर्लक्षित विषय. बघा, इथं धूळ नाही, वाळवी नाही, ऊन नाही. जपणं म्हणजे काय ते शिका म्हणावं बाकीच्यांना."

खोका आला. वरचे अर्ज मी हळूहळू काढले. सेफेरिनाचा अर्ज आला. तिचं नाव, तिची सही, 'फ' अक्षराला तिची ती गाठ. आणि फोटोवर भुवयांपासून खालच्या ओठापर्यंत गडद जांभळा गोल शिक्का: 'संरक्षित राष्ट्रीय वारसा'.

डोळे नव्हते. नाक नव्हतं. हनुवटी होती, आणि डाव्या कानातली आईची सोन्याची रिंग.

मी खालचा अर्ज बघितला. त्याच्या खालचा. सगळ्यांना तोच शिक्का, तिथेच.

"डॉक्टर, हे काय?"

"चोरीविरुद्ध उपाय. माझीच सूचना." त्यांना आनंद झाला होता विचारल्याचा. "विचार करा, या कागदातून चोर काय कापून नेईल? चेहरा. मग शिक्का कुठं हवा? चेहऱ्यावर. आता कुणी नेलाच, तर त्याचा काही उपयोग नाही."

"कुणालाच नाही."

"तेच तर," डॉक्टर म्हणाले.

मी प्रत मागितली. संशोधकाला प्रत मिळते. पण प्रतीवर खरी प्रत असल्याचा शिक्का लागतो, आणि तो मारायला निल्दानं हात उचलला तेव्हा सवयीनं फोटोकडेच नेला. मी तिचं मनगट धरलं. "तिथं जागा उरली नाही, पोरी." तिनं खाली बघितलं. मग शिक्का कागदाच्या पाठीमागे मारला आणि नाक पुसलं. या खेपेला ऑफिसातच.

चकत्या करणारा म्हणाला, "शिक्का पुसून देतो, काराई. खाली डोळे अंदाजानं काढीन. मला येतं."

"कुणाचे काढशील?"

"बाईमाणसाचे."

मी म्हटलं, आहे तसं भाज.

मृतांच्या दिवशी मी थडगं धुतलं, फुलं ठेवली, बाजूला बसलो. लोक थांबून चकतीकडे बघत आणि पुढे जात. दुपारी डॉक्टर बोगारीन त्यांच्या आईच्या थडग्याकडे निघाले होते. ते थांबले, चष्मा लावला. आपला शिक्का त्यांनी लगेच ओळखला.

"वा," ते म्हणाले. "शाई बघा, भट्टीतसुद्धा पुसट झाली नाही. म्हटलं होतं ना, टिकणार?"

"टिकली, डॉक्टर. तिचा चेहरा सोडून सगळं टिकलं."

त्यांनी मान डोलावली. मला वाटतं, त्यांना ते कौतुक वाटलं. ते गेल्यावर मी फडकं ओलं केलं आणि चकतीवरची धूळ पुसली. आधी हनुवटी, मग कान. मधल्या भागाला हात लावला नाही. तो सरकारचा आहे.