सनाच्या खोगिराखालची शिशाची पट्टी

मी एक जुनी शिशाची पट्टी आहे. रंगानं काळपट, अंगानं चपटी, पंजाएवढी आणि वजनाला चांगली किलोभर. मला उचललं की बोटं काळी होतात, म्हणून हौसेनं मला कुणी हात लावत नाही. तरी मित्रांनो, माझंही थोडं ऐका. मी शर्यतीच्या घोड्यांच्या पाठीवरून धावले आहे. फक्त एका शर्यतीत धावले नाही, आणि तीच माझ्या जिवाला लागून राहिली आहे.

माझा जन्म सोलापूरचा. माझी मालकीण सना, तिचे अब्बा चांदसाब पूर्वी टांगा हाकायचे. स्टेशनवरून नवी पेठेत सवारी आणायची, हा त्यांचा धंदा. पुढं टांगे बंद पडले, घोडा गेला, दारात रिक्षा आली. त्या रिक्षाची बॅटरी मेली तेव्हा तिच्यातलं शिसं वितळवून ओतलं, आणि मी झाले. घरातला घोडा गेला होता खरा, पण सनाच्या अंगातला घोडा काही जाईना. ती शर्यतीची स्वार झाली, लोक म्हणतात तशी जॉकी. मला ओतून घेतलं ते तिनंच.

कशाला, ते सांगते. शर्यतीत प्रत्येक घोड्यावर ठरलेलं वजन असावं लागतं. स्वार हलका असला, तर खोगिराखालच्या कापडाला खिसे असतात, त्यांत शिसं घालून तूट भरून काढतात. शर्यतीआधी स्वार खोगिरासकट काट्यावर बसतो. शर्यत संपली की पुन्हा बसतो. दोन्ही वेळा वजन भरलंच पाहिजे. सना चणीनं एवढीशी, त्यामुळे माझ्यावाचून तिचं पान हलेना.

बाकीचे स्वार सगळे पुरुष. ते आपसात हसायचे, "पोरगी हाय, कापसावानी हलकी. तिला काय, जिंकंलच की!" सना उलट बोलायची नाही. ती मला खिशातून काढायची, त्यांच्यासमोर बाकावर धप्पकन ठेवायची आणि म्हणायची, "उचलून बघा. तुमी जेवढं घेता, तेवढंच मी घेते. ही माझी बरोबरी हाय." काय सांगू मित्रांनो, उभ्या जन्मात माझं असं कौतुक कुणी केलं नव्हतं! मी त्या वेळी भारीच फुगले होते.

मग तो हिवाळा आला. होटगीच्या पुढच्या माळावर शर्यती होत्या. विरुपाक्ष नावाच्या मालकानं आपली मैना घोडी सनाला दिली. देताना म्हणाला, "ही शर्यत मार. पुढच्या हंगामात माझे सगळे घोडे तूच पळवायचे." चांगला घोडा पोरीच्या हाती द्यायला कुणी तयार नसतं. ही संधी गेली तर दुसरी येणार नव्हती, हे सनाला पक्कं ठाऊक होतं.

त्या दिवशी मदतीला चांदसाब आले होते, पहिल्यांदाच. सना काट्यावर बसली, पंच प्रभुलिंग यांनी वजन बघितलं, बरोबर भरलं. खोगीर घेऊन चांदसाब घोडीकडं निघाले. तेव्हा खिशातली मी त्यांच्या हाताला लागले.

चांदसाबना टांगेवाल्याची एक जुनी खोड होती. चढ लागला की ते स्वतः खाली उतरायचे, सवारीलाही उतरवायचे आणि घोड्याच्या मानेवर हात ठेवून चालायचे. मुक्या जिवाचं ओझं हलकं करावं, एवढंच त्यांना कळायचं. ते पुटपुटले, "एवढीशी माझी पोर, आन तिच्यावर ह्ये कशापायी? वजन तर झालं की आता." आणि मला काढून त्यांनी आपल्या खाकी शर्टाच्या खिशात टाकलं. शर्यतीनंतर पुन्हा काटा असतो, हे त्यांच्या गावीही नव्हतं. मला ओरडावंसं वाटलं, पण शिशाला कुठला आवाज?

शर्यत मी चांदसाबच्या छातीशी बसून ऐकली. त्यांचं काळीज धडाधडा उडत होतं. "या अल्ला! आली, माझी सना आली!" मैना मानेच्या फरकानं पहिली आली होती. लोकांनी माळ डोक्यावर घेतला.

सना हसत काट्यावर बसली. प्रभुलिंग वाकले, पुन्हा वाकले, आणि म्हणाले, "किलोभर कमी हाय."

 मागून कुणीतरी म्हणालं, "बघा, म्हनलं नव्हतं?"

सनानं खोगिराखालचा खिसा चाचपला. रिकामा. तिनं मान वर केली, आणि तिला अब्बांची काळी बोटं दिसली. शर्टाचा ओघळलेला खिसा दिसला. तिचा चेहरा खर्रकन उतरला. पण ती म्हणाली, "पडलं असंल वाटंत. चूक माजीच हाय."

तेव्हा चांदसाबना उमगलं.  त्यांनी मला काढून टेबलावर ठेवलं. "साहेब, पोरीचा काय बी गुन्हा न्हाय. मी काढलं. तिचं ओझं हलकं व्हावं म्हणून."

प्रभुलिंग म्हणाले, "चाचा, पटतंय मला. पण घोडी बाद होणार." विरुपाक्ष मैनाचा लगाम धरून चालता झाला. त्यानं मागं वळूनही पाहिलं नाही.

परतताना रिक्षा चांदसाब चालवत होते आणि रडत होते. सना बाहेर बघत म्हणाली, "अब्बा, टांग्याच्या घोड्याला बोलता येत नव्हतं. मला येतंय की. मला एकदा विचारायचं."

त्यानंतर मी रिक्षाच्या सीटखाली, पान्यांच्या डब्यात पडून राहिले. चांदसाब पाना काढायचे, पण मला बोट लागू द्यायचे नाहीत. सना रोज पहाटे दुसऱ्यांचे घोडे फिरवायला जायची. मला वाटलं, संपलं आपलं.

पुढच्या हिवाळ्यात कुणाला नको असलेला एक म्हातारा घोडा सनाच्या वाट्याला आला. माळ तोच, काटा तोच. तिनं मला बाहेर काढलं, पुसलं आणि अब्बांच्या हातावर ठेवलं. "तुमीच घाला."  त्यांनी मला खोगिराच्या खिशात घातलं आणि वरून थोपटलं.

घोडा तिसरा आला. कुणी फेटे उडवले नाहीत. सना घामाघूम होऊन काट्यावर बसली. प्रभुलिंग वाकले आणि म्हणाले, "बरोबर." चांदसाबनी डोळे पुसले, तर काळी बोटं गालभर उमटली. सना हसली. वर्षभरात पहिल्यांदाच.

मित्रांनो, कुणाच्या पाठीवर ओझं दिसलं तर जरूर हात पुढं करा. तुमची माया खोटी नसते, हे मी चांदसाबच्या छातीशी बसून ऐकलं आहे. पण आधी त्या माणसाला विचारा. तुम्हाला जे ओझं दिसतं, ती कदाचित त्याची बरोबरी असेल.