पट्ट्याआडची गाठ

मित्रांनो, दवाखान्याच्या कोपऱ्यात चादर पांघरून उभे असलेले जुने सोनोग्राफी मशीन म्हणजे मी. आईच्या पोटातले बाळ मी पडद्यावर दाखवत असे. नवे होते तेव्हा माझा काय तोरा होता! डॉक्टरबाई स्वतःच्या हाताने मला पुसायच्या.

मग एकदा माझा प्रोब, म्हणजे पोटावर फिरवायचा दांडा, फरशीवर आपटला. तेव्हापासून पडद्यावर एक काळा उभा पट्टा दिसू लागला. “आजोबांना मोतीबिंदू झालाय,” नर्सताई हसून म्हणाल्या. आज दुरुस्त करू, उद्या करू म्हणता म्हणता राहूनच गेले. पट्ट्याची सगळ्यांना सवय झाली. मलाही झाली, हे सांगताना मान खाली जाते.

एकदा शिवणकाम करणारी एक ताई सासूबाईंबरोबर तपासणीला आली. तिच्या बाळाच्या माकडहाडापाशी पाण्याने भरलेली गाठ होती. अशी गाठ पडद्यावर काळीच दिसते, आणि ती नेमकी माझ्या पट्ट्यात आली.

“हे काळं इथंच जाड का दिसतंय हो?” सासूबाईंनी विचारले.

“काही नाही आजी, मशीनचा डाग आहे तो,” डॉक्टरबाई म्हणाल्या.

दांडा जरा तिरपा धरला असता तरी कळले असते. मला ओरडावेसे वाटले, पण मला कुठले तोंड!

काही आठवड्यांनी ताई परत आली. तपासताना बाळ वळले. पट्टा जागच्या जागी राहिला, पण त्यातून एक काळा गोळा बाळाबरोबर बाहेर सरकला. आता तो चांगलाच वाढला होता. डॉक्टरबाईंचा हात थबकला.

“ही गाठ आहे. मागच्या वेळी मी डाग समजले, चुकलं माझं,” त्या म्हणाल्या. “नेहमीसारखं बाळंतपण नको. गाठ फुटली तर बाळाला खूप रक्तस्राव होईल. आजच मोठ्या दवाखान्यात जा.”

“वाचेल ना माझं बाळ?” ताईने विचारले.

बाळ वाचले. सिझेरियन झाले, मग गाठ काढली. पुढे सासूबाई नातवंडाला कडेवर घेऊन मुद्दाम मला भेटायला आल्या.

“यानंच तुला वाचवलं बरं! पापा दे त्याला.”

बाळाने पडद्यावर ओले ओठ टेकवले, तेही नेमके त्या पट्ट्यावर. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

मित्रांनो, आमच्यात काही बिघडले तर टोपणनाव ठेवून हसू नका, वेळीच दुरुस्त करा. म्हणजे असा पापा आमच्यापैकी कोणाला तरी ताठ मानेने घेता येईल.