गवंड्याचा वाफा

बायको गेली तेव्हा मागच्या अंगणात कोबी नुकता गड्डा धरायला लागला होता. छातीत कफ साठल्याचं निमित्त झालं, दवाखान्यात नेली आणि ती परत आली नाही. घरी माणसं जमली, बसली, उठून गेली. सगळे गेल्यावर मी मागे जाऊन पाहिलं तर कोबी आपला वाढतच होता.

मी गवंडी. आयुष्यभर दुसऱ्यांच्या भिंती बांधल्या. घरामागची जागा लहानशी, पण तिला विटांची कड लावून मी वाफे केले, पाण्याला उतार दिला, कुंपण घातलं. पेरणी मात्र बायकोची. अगदी सुरुवातीला मी एकदा गाजर पेरलं होतं, ते उगवलंच नाही. तेव्हापासून तिचा हुकूम होता, "अहो, तुम्ही विटा लावा. बियांना हात लावायचा नाही."

तिची पद्धत साधी होती. सगळं एकदम पेरायचं नाही. एक ओळ खायची, एक वाढायची, एक उगवायची. खायची ओळ संपत आली की रिकाम्या जागेत लगेच नवं बी. त्यामुळे आमच्याकडे बारा महिने काही ना काही असायचंच. थंडीत कोबी, वाटाणा, गाजर. पुढे घेवडा, काकडी. लाल भोपळे पलंगाखाली ठेवलेले, ते अडीअडचणीला. बाजारातून भाजी आणायची वेळ कधी आली नाही. लोक विचारायचे, बाग केवढी आहे तुमची? ती म्हणायची, "बाग कसली हो, रांग आहे. ज्याचा त्याचा नंबर लागलाय."

आम्हाला एकच मुलगी. ती रात्रभराच्या प्रवासावरच्या शहरात असते. ती आणि जावई दोघंही नोकरी करतात. उंच इमारतीत घर आहे, लिफ्ट आहे. आईचं सगळं आटोपल्यावर ती म्हणाली, "बाबा, चला आता माझ्याकडे. इथं एकटे काय करणार?"

"कोबी उभा आहे," मी म्हणालो. "तो कोण खाणार?"

ती माझ्याकडे बघत राहिली. "कोबी संपला की याल?"

"येईन की."

म्हातारा एवढ्यावर कबूल होतोय तर होऊ दे, असं तिला वाटलं असावं. ती गेली. मग फोन सुरू झाले.

"संपला का कोबी?"

"संपला. पण वाटाणा लागलाय."

"आणि वाटाण्यानंतर?"

"गाजर आहे. मग घेवडा फुलावर येईल."

"म्हणजे मी काय आता भाजी संपायची वाट बघत बसू?"

"तुझ्या आईनं पेरलंय. टाकून कसं यायचं?"

आईचं नाव काढलं की ती गप्प व्हायची. ते मला कळत होतं, आणि तरी मी काढायचो.

खरं म्हणजे मला जायचंच नव्हतं. पण बापानं लेकीला तोंडावर कसं सांगायचं की तुझ्याकडे यायचं नाही? त्यापेक्षा कोबी बरा. त्याच्यावर कोणी रुसत नाही.

भाजी मी तिच्यासारखीच करायचो, म्हणजे दोघांच्या मापाची. हाताला तेवढंच माहीत होतं. सकाळचं रात्री खायचं, रात्रीचं सकाळी. मीठ कमी पडलं तर कुणाला बोलायची सोय नव्हती. झाडांना पाणी घालायला नळी लावली की पूर्वी ती आतून ओरडायची, "बस करा, बुडवता का त्यांना!" आता कोणी ओरडत नव्हतं, त्यामुळे पाणी वाफ्यावरून वाहून पायरीपर्यंत यायचं. मग मी बंद करायचो.

घेवडा तोडताना एक दिवस लक्षात आलं. खायची ओळ होती. वाढायची ओळ खायला आली होती. उगवायची ओळ नव्हतीच. ती गेल्यापासून या मातीत कोणी बी टाकलं नव्हतं. घेवडा संपला की संपलं. मग लेकीला काय सांगणार?

फडताळात तिच्या बियांच्या बाटल्या होत्या. मुळा, पालक, गाजर, सगळं होतं. मी ठरवलं, आता हुकूम मोडायचा.

काम करायचं तर नीट करायचं, ही माझी सवय. वाळू चाळायची चाळण काढली आणि वाफ्यातली माती चाळून घेतली, एक खडा ठेवला नाही. दोन टोकांना खुंट्या मारून दोरी ताणली. दोरीखाली बी टाकलं, वर माती घातली. वर-खाली दिसत होती, म्हणून गिलावा सपाट करायचा रंधा फिरवला, थापीनं कडा दाबून घेतल्या आणि वर लेव्हल ठेवून पाहिली. बुडबुडा बरोबर मध्ये. मग पाणी मारलं आणि पुन्हा थापी फिरवली. असा वाफा आजूबाजूला कोणाकडे नसेल. बघत राहावंसं वाटत होतं.

बघतच राहिलो. रोज सकाळी चहाचा कप घेऊन विटांच्या कडेवर बसायचो. काही आलं नाही. दुसऱ्या वाफ्यात पुन्हा पेरलं, आणखी नीट पेरलं. तिथंही काही आलं नाही. ऊन वाढलं, घेवड्याचा वेल वाळला, जुना पालक तुऱ्याला आला. पलंगाखालचा शेवटचा भोपळाही कापून झाला. मी वाण्याकडून बटाटे आणून उकडून खायला लागलो. फोनवर मात्र सांगायचो, "मुळा आहे. पालक आहे."

"बरं झालं," लेक एकदा म्हणाली. "मी येतेय शनिवारी. येताना मोठी बॅग आणतेय. मुळा काय तो खाऊन टाकू आणि निघू."

शुक्रवारी संध्याकाळी मी नाक्यावरच्या भाजीवालीकडे गेलो. इतकी वर्षं तिच्यासमोरून जात होतो, तिच्याकडून कधी काही घेतलं नव्हतं. तिनं मला लांबूनच पाहिलं.

"मिस्त्री, वाट चुकलात की काय?"

"मुळा द्या. पाला ताजा असलेला."

"मुळा? तुमच्या घरात? वहिनी रोज इथं उभ्या राहायच्या. माझ्या पालकाला नावं ठेवायच्या, काकडीला नावं ठेवायच्या आणि हात हलवत निघून जायच्या. आणि तुम्ही मुळा मागताय!"

"द्यायचाय का नाही?"

"देते हो, रागावता कशाला! निवडून देऊ?"

"सगळे एका मापाचे द्या."

"मुळे हवेत का विटा?"

पण दिले तिनं निवडून. पिशवी देताना म्हणाली, "वहिनी बोलायच्या फार. पण आता ते नावं ठेवणंसुद्धा नाही."

मी पैसे दिले आणि निघालो. बोलायला गेलो असतो तर तिथंच उभा राहिलो असतो.

घरी आल्यावर जुड्या सोडल्या. वाफ्यात दोरी ताणली, सळईनं सारख्या अंतरावर भोकं पाडली आणि एकेक मुळा उभा करून रोवला. बाजूनं माती दाबली. वर पाणी शिंपडलं. हे करताना मला लाज वाटत नव्हती, हे खरं. काम बरोबर जमतंय का, एवढंच बघत होतो.

लेक सकाळी आली. चहा घेतला, घर पाहिलं, ओट्यावरचे बटाटे पाहिले. मग म्हणाली, "चला, बघू तुमचा मुळा."

ती वाफ्यापाशी उभी राहिली. रात्रीत पाला मान टाकून बसला होता. तरी ओळ सरळ होती.

"बाबा, हे काय?"

"मुळा."

"असा कवायतीला उभा राहिल्यासारखा?"

"दोरी धरून पेरला."

ती वाकली आणि एक मुळा धरून वर उचलला. ओढावासुद्धा लागला नाही. खाली धुतलेला, पांढरा, स्वच्छ. शेपटी छाटलेली. दुसरा उचलला. त्याच्या देठाला जुडीच्या सुतळीचा तुकडा तसाच होता.

ती विटांच्या कडेवर बसली आणि हसायला लागली. "तुम्ही मुळे पुरलेत, बाबा! विकत आणून पुरलेत!" हसता हसता तिला ठसका लागला. मलाही हसू आलं. किती दिवसांनी या अंगणात दोन माणसं हसत होती. "आईनं बघितलं असतं ना..." ती म्हणाली. मग ती रडली. मी जवळ उभा होतो. हात मातीचे होते म्हणून तिच्या डोक्यावर ठेवले नाहीत.

डोळे पुसून ती म्हणाली, "तुम्हाला यायचं नाही ना?"

आता आड लपायला कोबी नव्हता, वाटाणा नव्हता.

"नाही," मी म्हणालो.

"मग इतके महिने सांगितलं का नाहीत?"

"तुला वाईट वाटलं असतं."

"आणि आता काय, बरं वाटतंय?" ती उठली. "मी तुमच्या खोलीला पडदे लावलेत. रोज फोन ठेवला की त्या खोलीत जाऊन येते. मला वाटायचं, आई नाही, पण बाबा तरी डोळ्यांसमोर राहतील. आणि तुम्ही मला घेवड्याच्या गोष्टी सांगता!"

"तुम्ही दोघं सकाळी कामाला जाल. मी काय करू दिवसभर? लिफ्टनं खाली जाईन आणि वर येईन."

"इथं काय करता?"

"इथंही काही करत नाही. पण इथली मला सवय आहे."

मग खाली बसून तिनं दुसऱ्या वाफ्यावर बोटाच्या पेरानं ठोकून पाहिलं. टकटक आवाज आला.

"यात बी आहे?"

"आहे. उगवत नाही. बी जुनं झालं असेल."

"बाबा, हा गिलावा आहे. वर येणार कुठून ते?"

तिनं कोपऱ्यातलं दाताळं आणून एक पापुद्रा उचलला. भाकरीच्या पोपड्यासारखा तो सबंध निघाला. खाली कोंब होते. पांढरे, आडवे वाढलेले, वाळून गेलेले. बी उगवलं होतं. मी दाबून टाकलेल्या मातीतून त्याला डोकं काढता आलं नव्हतं. मी ते कोंब बोटानं बाजूला करून पाहिले. बाटलीतलं बी तिनंच, माझ्या बायकोनं, वाळवून भरलेलं होतं.

"तुला येतं पेरायला?" मी विचारलं.

"मला कुठलं? आई हात लावू द्यायची का? म्हणायची, तू अभ्यास कर."

तरी तिनं दाताळ्यानं सगळे वाफे उकरून ठेवले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिची गाडी होती. मोठी बॅग तिनं आणली तशी रिकामी परत नेली. थांब्यावर म्हणाली, "राहा इथं. मी येत जाईन. पण खोटं सांगायचं नाही. भाजी नसेल तर नाही म्हणायचं. एकटं वाटलं तर तेही सांगायचं."

"बरं."

"नुसतं बरं नको."

"सांगेन."

गाडी लागली. तिनं खिडकीतून हात केला. तिच्या शेजारी सीटवर ती रिकामी बॅग होती.

घरी आलो, चपला काढल्या आणि "आलो" म्हणालो. मग दार लावलं. मनासारखं झालं होतं. आता घर सोड असं कोणी म्हणणार नव्हतं. फोनवर कुणाला थोपवायचं नव्हतं. इतके महिने तेवढं एक काम तरी होतं मला. आता ते नव्हतं. पुरलेले मुळे मी दोन दिवस खाल्ले, कारण अन्न टाकायचं नसतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी बियांच्या बाटल्या घेऊन मागे गेलो. दोरी घेतली नाही. बोटानं वेड्यावाकड्या रेघा ओढल्या, बी टाकलं, वर नुसती भुसभुशीत माती सोडली. मातीचं एक ढेकूळ वर आलं होतं, ते राहू दिलं. पाणी घालताना स्वतःच मोठ्यानं म्हणालो, "बस." आणि नळ बंद केला.

आठवडा उलटल्यावर मुळ्याची हिरवी पानं वर आली. कुठं दाट, कुठं नुसती रिकामी जागा. पालकही आला. मी खाली बसून बघितलं. लेकीला फोन करून सांगितलं, "उगवलंय. या वेळी खरं." ती म्हणाली, "देठाला सुतळी आहे का बघा." आणि हसली. मग तिनं विचारलं, "आज जेवलात काय?"

"बटाटा."

"आणि वाटतंय कसं?"

"एकटं वाटतंय," मी म्हणालो. तिनं फोन ठेवला नाही. नंतर कुणीतरी तिला हाक मारली, तेव्हा ठेवला.

पानं एवढीशीच होती. त्यांची भाजी व्हायला अजून वेळ होता. एक ओळ उगवत होती. वाढायची आणि खायची ओळ नव्हती. तोवर खायचं काय? पिशवी घेऊन नाक्यावर गेलो.

"या मिस्त्री," भाजीवाली म्हणाली. "आज पण लेक येणार वाटतं?"

"नाही. आज माझ्यापुरतंच."

"काय देऊ?"

"पालक."

"किती देऊ?"

मला सांगता येईना. आमच्या घरी भाजी कधी मोजून आणलीच नव्हती. ती टोपलीत यायची, दोघांना पुरायची. एका माणसाला पालक किती लागतो, हे या वयात मला ठाऊक नव्हतं. मी तसाच उभा राहिलो. मागे एक बाई येऊन थांबली.

"तुम्हीच बघा," मी म्हणालो.

"भूक तुमची, आणि बघू मी?" ती म्हणाली. पण मग तिनं माझ्याकडे पाहिलं. तिनं एक जुडी उचलली, सोडली, तिचे दोन भाग केले. एक माझ्या पिशवीत घातला. दुसरा पुन्हा सुतळीनं बांधून गोणपाटावर ठेवला आणि मागच्या बाईला विचारलं, "तुम्हाला काय हवं, ताई?"