एका शब्दाचा चावा

मित्रांनो, मी आता म्हातारा झालो आहे आणि माझे नाव मणी आहे. हसू नका. तुमच्याकडे मनी म्हटले की मांजर डोळ्यांपुढे येते. आमच्या मद्रासकडे मणी हे कुत्र्याचे चांगले भारदस्त नाव आहे.

माझा जन्म एन्नोरच्या मिठागरात झाला. तिथला पहारेकरी एकांबरम याने मला शिळा भात घालून वाढवले आणि दोन शब्द शिकवले. ‘वा’ म्हणजे ये. ‘कडी’ म्हणजे चाव. तमिळ भाषा समुद्राएवढी आहे असे म्हणतात. मला तिचे दोनच थेंब मिळाले, पण तेवढ्यावर माझी नोकरी उत्तम चालली. एकांबरमचे उपकार मी विसरलेलो नाही.

सत्तावन्न साली तो गावी परत गेला आणि जाताना त्याने मला पेरांबूरच्या उमाकांतराव देवस्थळींच्या हवाली केले. ते रेल्वेत होते, साताऱ्याकडून बदलून आलेले. घरात पत्नी जयवंतीबाई आणि दहा वर्षांची अलकनंदा. जेवताना उमाकांतराव आमटीला ‘वा’ म्हणाले की मी धावत आत जाई. त्यांना वाटे, कुत्रा आमटीचा दर्दी आहे.

घरात एक वाद मात्र रोजचा होता. न बोलावता येणाऱ्याला कुत्र्याने चावावे की नाही? उमाकांतरावांचे मत, चावावे. नाहीतर मग कुत्रा कशाला, मैना पाळू. जयवंतीबाई म्हणत, “या घरात बोलावून कोण येतं? सेतुमाधवरावांना कधी आमंत्रण धाडलंत?”

सेतुमाधवराव म्हणजे शेजारचे निवृत्त मास्तर. तंजावरकडचे मराठी घराणे, तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेले. रोज सकाळी आमच्याकडे येत, कॉफी पीत आणि घडीभर मराठी बोलत. त्यांची मुले घरी तमिळच बोलत, म्हणून बिचारे इथे येऊन आपली भाषा उन्हात घालत. मला येताजाता थोपटत.

एके दिवशी मोकाट गाय अंगणात शिरली आणि जयवंतीबाईंचे वाळत घातलेले सांडगे ताटासकट चाटून गेली. फाटकाला लावायला काही नव्हतेच. उमाकांतरावांनी त्याच दिवशी लोहाराकडून कडी बसवून घेतली. आता तुम्ही पुढचे ओळखले असेल. माझ्या घरच्यांना ते कळायला महिना लागला.

पहिला आला तेलविक्या. फाटक उघडे टाकून आत आला. स्वयंपाकघरातून जयवंतीबाईंनी सांगितले, “अहो, कडी.” त्या सगळ्यांशी मराठीतच बोलत. त्या गृहस्थाला मराठी येत नव्हती, त्यामुळे त्यालाही माझ्याइतकेच कळले. तो पळाला. माझ्या तोंडात नुसता त्याच्या वेष्टीचा, म्हणजे धोतराचा, काठ आला. संध्याकाळी उमाकांतरावांनी मला वाटीभर दूध पाजले.

आठवड्याने एका सकाळी सेतुमाधवराव नेहमीप्रमाणे आले, पण त्या दिवशी फाटक लावायला विसरले. “कडी तेवढी लावा हं,” जयवंतीबाई आतून म्हणाल्या. सेतुमाधवरावांना मराठी येत होती. ते पळाले नाहीत. कडी लावायला वळले, आणि मी त्यांच्या पोटरीचा चावा घेतला. त्या पोटरीशी माझे काहीही वाकडे नव्हते, मित्रांनो. मी नोकर होतो.

या वेळी दूध मिळाले नाही. साखळी मिळाली. डॉक्टर सेतुमाधवरावांना म्हणाले, पोटात रोज एक इंजेक्शन. दहा दिवस कुत्रा धडधाकट राहिला तर बंद करू. उमाकांतराव म्हणाले, “दहा दिवस झाले की कुत्री धरणारी गाडी बोलावतो. घरच्या माणसाला चावतो म्हणजे काय?” त्या गाडीतून गेलेला कुत्रा परत आलेला गल्लीत कुणी पाहिला नव्हता.

त्या दहा दिवसांत माझ्या प्रकृतीची जेवढी चौकशी झाली तेवढी कुणाची झाली नसेल. सेतुमाधवराव रोज लंगडत येऊन लांबून विचारत, “मणी जेवला?” त्यांचा जीव माझ्या जिवाला टांगलेला होता. पण दिवसातून चार वेळा ‘कडी’ ऐकू येई आणि मी साखळी ताणून उसळे. उमाकांतराव मान हलवत. “पिसाळला बहुतेक.”

नवव्या दिवशी सेतुमाधवराव बसले असताना अलकनंदा शाळेतून आली. आई म्हणाली, “कडी लाव गं.” मी उसळलो. माझ्या अलकनंदेवर, जी मला आपल्या ताटातले घावन चोरून देई. ती रडू लागली. पण हुकूम तो हुकूम.

सेतुमाधवरावांनी कप खाली ठेवला. माझ्याकडे पाहून हळूच म्हणाले, “कडी.” मी उसळलो. मग म्हणाले, “वा.” मी शेपूट हलवत साखळीच्या टोकापर्यंत गेलो. ते हसायला लागले. इंजेक्शनांनी पोट दुखत होते म्हणून पोट धरून हसले.

“जयवंतीबाई, याचा कांहीं अपराध नाहीं हो. तमिळांत कडी म्हणजे चाव. तुम्हीं हुकूम सोडिला, यानें पाळिला. त्या तेलवाल्याला समजलें. मीच दोन्ही भाषांचा पंडित, मला समजलें नाहीं.”

जयवंतीबाई मटकन खाली बसल्या. उमाकांतराव मात्र रेल्वेचे माणूस, रूळ सोडेनात. “ते ठीक. पण परक्याला चावावं की नाही, हा प्रश्न राहतोच.”

“राहूं दे की. तेलवाल्याला धरिला तेव्हां याला दूध पाजिलें. मला धरिला तेव्हां गाडी बोलाविली. याचे दांत दोन्ही वेळां तेच होते, राव. बदललें तें तुमचें मन.”

दुसऱ्या दिवशी, आधीच सांगून ठेवलेली ती गाडी आली. उमाकांतराव स्वतः फाटकापर्यंत गेले आणि मोडक्यातोडक्या तमिळमध्ये म्हणाले की चूक कुत्र्याची नसून घराची आहे. गाडीवाल्याने असे कारण पूर्वी ऐकले नसावे. तो रिकामीच गाडी घेऊन गेला. त्या दिवसापासून घरात सगळे ‘फाटक लाव’ म्हणतात, आणि मी पुन्हा कुणाला चावलो नाही.

मित्रांनो, आमची अक्कल तुम्ही दिलेल्या शब्दाएवढीच असते. तो शब्द नीट निवडून द्या, आणि आम्हाला शिक्षा करण्याआधी तो कुणी उच्चारला हे एकदा आठवून पाहा. एवढीच विनंती. बाकी माझी तक्रार नाही. माझे दात गेले आहेत. सेतुमाधवराव अजून रोज न बोलावता येतात आणि कॉफी पिण्याआधी मला इडली कुस्करून घालतात.