टाचणीमावशींच्या जबड्याखाली

मी एक जुनी लाळग्रंथी आहे. मित्रांनो, नाक मुरडू नका. कपडे शिवणाऱ्या एका बाईंच्या जबड्याखाली, डाव्या बाजूला माझं घर. बाई सतत ओठांत टाचण्या धरतात, म्हणून सगळे त्यांना टाचणीमावशी म्हणतात.

मी तयार केलेली लाळ बारीक नळीतून जिभेखाली येते, घास ओला करते, दातांवरचं आंबट-चिकट धुऊन नेते. मावशी दोऱ्याचं टोक जिभेला लावत आणि दोरा पहिल्याच फटक्यात सुईत जाई. कौतुक मात्र त्यांच्या डोळ्यांचं! थुंकीला कोण विचारतो?

मग शाळेच्या गणवेशांचं मोठं काम आलं. दिवसभर तोंडात टाचण्या, मग पाणी कसं पिणार? शिवाय पांढऱ्या कापडावर थेंब सांडायची धास्ती. मावशींनी पाण्याची बाटली कपाटावर ठेवून दिली. माझी लाळ घट्ट होत गेली आणि एक दिवस मी हादरलेच. माझ्या नळीत खडा! तांदळाच्या दाण्याएवढा, कडक, आणि तोही माझ्याच लाळेतल्या क्षारांचा!

मावशी जेवायला बसल्या की मी लाळ पाठवी, ती अडे आणि मी टम्म फुगे. त्या कळवळत.

"दाढच सडलीय मेली," त्या जाऊबाईंना म्हणाल्या. "उपटूनच टाकते."

मी थिजले. ती दाढ धडधाकट होती! इतकी वर्षं मीच तिला न्हाऊ घातलं होतं. हे तर चोर सोडून संन्याशाला सुळी! आणि मला ओरडताही येईना.

"हीच ती, काढून टाका," मावशी दातांच्या डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या. चिमटा ट्रेमध्ये चमकत होता. बाईंनी दाढेवर टकटक केलं.

"दुखतंय?"

"नाही."

"जेवतानाच दुखतं का?"

"हो, आणि इथे खाली सुजतं."

बाईंनी जिभेखाली बोटाने चाचपलं. "दाढ ठणठणीत आहे, मावशी. लाळेच्या नळीत खडा अडकलाय. पाणी किती पिता?"

"पाणी?" सोबत आलेल्या जाऊबाई मध्येच म्हणाल्या. "यांच्या तोंडात टाचण्यांना जागा आहे, पाण्याला कुठली!"

जागा बधिर करून बाईंनी खडा काढला आणि मावशींच्या तळहातावर ठेवला. मावशी तळहाताकडे बघतच राहिल्या. "अगं बाई! हा माझ्या तोंडात झाला?"

आता टाचण्या कापडी उशीत असतात आणि बाटली हाताशी. परवा मावशींनी दोरा जिभेला लावला, तो सुईत गेला, आणि त्यांनी जबड्याखालून हळूच बोट फिरवलं. आयुष्यात पहिल्यांदाच.

मित्रांनो, तहान लागली की काम बाजूला ठेवून पाणी प्या. तुमच्याही जबड्याखाली माझ्या बहिणी राबत आहेत, आणि त्यांनाही हाक मारता येत नाही.