हॅम्बुर्गला कोणाला धाडायचं?

मी एक लाकडी बैठक. कुमासी शहरातल्या साबणाच्या कारखान्यात, मालकिणीच्या खोलीत माझी जागा. खोटं कशाला सांगू, आज मी भ्यायले आहे.

सेसे झाडाच्या एका ओंडक्यातून मला कोरलं. बाजारात साबण विकायची तेव्हा माझी मालकीण अच्या माझ्यावरच बसायची. आता सगळे तिला माआमे म्हणतात, म्हणजे आईच. कारखाना झाला, जर्मनीत हॅम्बुर्गला शाखा निघाली, गुबगुबीत खुर्च्या आल्या. पण तिकडे पाठवायचा मॅनेजर अजून माझ्यावर बसवूनच पारखतात. शाळा मी पाहिली नाही, पण माणसं वाचते. खोटं बोलतं ते तोंड. मांड्यांना ते जमत नाही.

बसणारा उठला की मला आडवी करून ठेवायची, ही आमची रीत. उभी राहिले तर भटका आत्मा येऊन बसतो म्हणे.

दोन वर्षांमागे ओसेई बोन्स्राला निवडलं. कामात वाघ, जर्मन फाडफाड. आनंदाच्या भरात मला आडवी करायचं सगळे विसरले. आठ महिन्यांनी ओसेई परतला तो अर्धा होऊन. बोलेना, खाईना. अजून फाटकाजवळच्या बाकावर भिंतीकडे तोंड करून बसतो.

खापर फुटलं माझ्यावर. "बैठकीवर कोणीतरी बसलं होतं."

कोणी बसलं नव्हतं हो, मी होते ना तिथे! जन्मात ज्याने एकट्याने घास खाल्ला नाही, त्याला परक्या गावी एका खोलीत टाकलं. ते कसं जमेल, हे कोणी विचारलंच नाही.

आज हॅम्बुर्गसाठी मालखात्याचा बाफूर आला.

"बस रे. चावत नाही ती," माआमे म्हणाली.

"या वेळी मी स्वतः आडवी करणार तिला," माआमेची लेक आफ्राकोमा म्हणाली. "मग काळजी नाही."

"थंडीचा कोट घेतलास?"

"भावांनी घेतलाय, माआमे. चर्चमध्ये आभाराची प्रार्थनाही झाली."

"म्हणजे मी निवडायच्या आधी देवाने निवडलं," माआमे हसली.

तोही हसला. पण मांड्या अशा लटपटत होत्या की माझं लाकूड थरथरलं. मला पुन्हा तो बाक दिसला. अगं, विचार ना त्याला, मी मनात ओरडत होते. बैठकीचं कोण ऐकतं?

"सही कर," आफ्राकोमाने कागद सरकवला.

बाफूरने पेन उचललं आणि खाली ठेवलं. उठला, वाकला, दोन्ही हातांनी मला आडवी केली.

"मी जाणार नाही, माआमे. काल ओसेईजवळ बसून जेवलो. एवढंच बोलला तो, 'आठ महिन्यांत कोणी ये जेवायला म्हटलं नाही.'"

"आणि चर्चमध्ये काय तोंड दाखवशील?" आफ्राकोमा फणकारली.

"हेच तोंड. लाज वाटेल. वाटू दे."

तो गेला. माआमेने खिडकीतून खाली, त्या बाकाकडे पाहिलं. मग दारात पुढची उमेदवार आली, तशी माआमेने मला उभी केली. तिचे हात गार पडले होते. आम्ही दोघी भ्यायलो होतो.

"बस, पोरी. कोटाचं नंतर. आधी सांग, तुझ्या घरी एका वाडग्यात किती जण जेवता?"

लोकांना परदेशी धाडणाऱ्यांनो, मला आडवी करा नाहीतर उभी ठेवा. पण हे आधी विचारा. तो बाक लहान आहे, तिथे दुसऱ्याला जागा नाही.